गावच्या पाटीवरून पहिलं महायुद्ध वर्गात कसं सांगू?

नववी_ब (खेड तालुका)

नमस्कार. मी नववीत आहे. आमच्या इतिहासाच्या बाईंनी प्रत्येकाला एक विषय आणि बारा मिनिटं दिली आहेत. मला पहिलं महायुद्ध मिळालं. दोन दिवस बसून मी अठरा स्लाइड केल्या. साराजेव्होतला गोळीबार, २८ जून १९१४, कोण कोणाच्या बाजूने, खंदक, विषारी वायू, रणगाडे आणि शेवटी ११ नोव्हेंबर १९१८. बाईंना दाखवल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण हे तुझ्याऐवजी कोणीही वाचून दाखवलं तरी चालेल." मला रात्री झोपच येईना.

घरी सांगितलं तर आजोबा ओटीवरून म्हणाले, "अगं, चावडीच्या भिंतीत त्या लढाईची पाटी आहे की." मी रोज तिच्यासमोरून एसटी पकडायला जाते. भिंतीला चुना मारताना पाटीवरूनही कुंचा फिरतो, म्हणून अक्षरं बुजून गेली आहेत. मी आणि माझा भाऊ तांब्याभर पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन गेलो. आधी 'ग्रेट वॉर' निघालं, मग आकडे. पाटी इंग्रजीत आहे. तिचा अर्थ असा : या गावातून ३१ माणसं महायुद्धात गेली, १९१४ ते १९१९. त्यांपैकी ४ जणांनी आपले प्राण दिले. नाव एकाचंही नाही.

मला विचारायचंय की लढाई १९१८ मध्ये संपली तर पाटीवर १९१९ का? हे ३१ जण कुठे गेले असतील, फ्रान्सला? आणि त्या चौघांची नावं आता, शंभर वर्षांनी, कुठे मिळतील का? आजोबांनाही माहीत नाहीत. सादरीकरणाला अजून बारा दिवस आहेत. आमच्याकडे रेंज फक्त देवळामागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर येते, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला तर राग मानू नका.

जुनी_कागदपत्रं (रत्नागिरी)

१९१९ बरोबर आहे. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, पण तो फक्त युद्धविराम होता. जर्मनीशी तह झाला व्हर्सायला, २८ जून १९१९ रोजी. तोवर कायद्याने युद्ध चालूच होतं, म्हणून त्या काळच्या बऱ्याच स्मारकांवर १९१४ ते १९१९ असंच कोरलेलं दिसतं. तारीख पाहिलीस का? साराजेव्होच्या गोळीबाराला बरोबर पाच वर्षं.

अशा पाट्या सरकारने लढाईनंतर देशभर गावोगाव बसवल्या, मजकूर सगळीकडे तोच, फक्त आकडे बदलायचे. पाटीचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढ. भर दुपारी अक्षरं दिसणार नाहीत.

माई_चिपळूण

बाळा, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि ही लढाई आमच्या घरातूनही गेलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्स आधी मनातून बाजूला ठेव. हिंदी पलटणी तिथे लढल्या हे खरं. पण त्या लढाईत हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं परदेशी गेली आणि त्यांतला सगळ्यात मोठा भाग गेला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडेच धाडली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. या पलटणींत देशावरचे मराठे असत, तसे कोकणातलेही असत. तुझ्या ३१ जणांतले निदान काही तरी तिकडेच गेले असणार, असं धरून शोध सुरू कर.

तिकडे कशाला? तर इराणात आबादानला तेलाचा कारखाना होता आणि इंग्रजांच्या आरमाराला तेल हवं होतं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरलं, तशी नोव्हेंबर १९१४ मध्ये आपली फौज बसऱ्याला उतरली. तेल राखायला गेलेली ती फौज पुढे बगदाद घ्यायच्या नादात टायग्रिस नदी धरून वर वर सरकत गेली. रसद मागे राहिली, बोटी कमी, डॉक्टर कमी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला जबर मार बसला आणि ती मागे फिरली. ३ डिसेंबरला कुट नावाच्या गावात येऊन थांबली. चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला.

कुट नदीच्या वळणात वसलेलं आहे, तीन बाजूंना पाणी. आपल्या वाशिष्ठीच्या वळणावरचं एखादं गाव डोळ्यांसमोर आण, फक्त माडांच्या जागी खजूर. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला निघालेल्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी तिला कुटपर्यंत पोचता आलं नाही. गावात सातू होते, पण दळायचे कशावर? म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. हे तू वर्गात नक्की सांग. विमान म्हटलं की मुलांना बाँब आठवतो. इथे आकाशातून जात्याचे दगड पडत होते. भाजीपाला नाही म्हणून शिपायांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. घोडे कापून खायची पाळी आली, पण कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस तोंडात घेतलं नाही. घरी गेल्यावर जातीत घेतील का, ही त्यांची काळजी. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंनी मुभा दिल्याचे निरोप बिनतारी यंत्रावरून आले. तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री जुलनार नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन अंधारातून घुसायला निघाली, ती वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिलला शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

त्या तेरा हजारांत आमचे थोरले चुलत आजोबा होते, ११० नंबरच्या पलटणीत. कैद्यांना उन्हातून चालवत बगदाद, मोसूल आणि पुढे रेल्वेच्या कामावर नेलं. वाटेत ते कुठे पडले हे घरी कधीच कळलं नाही. लढाई संपल्यावर पोस्टाने एक पाकीट आलं आणि त्यातून निघाली धातूची जाड गोल चकती, चहाच्या बशीहून थोडी लहान. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. चकतीवर एक बाई उभी, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. माझ्या पणजीला ती देवीच वाटली. तिने चकती देवघरात ठेवली. रोज फूल आणि हळदकुंकू, नवरात्रात माळ.

ती बाई म्हणजे ब्रिटानिया, इंग्रजांनी आपल्या देशाला दिलेलं रूप. बाजूला दोन डॉल्फिन आहेत, आपल्याकडे त्यांना गादे म्हणतात. लढाईत मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी अशी काशाची चकती धाडली होती, साधारण १२ सेंटीमीटरची, आणि अशा तेरा लाखांहून जास्त बनवल्या होत्या. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. उजवीकडच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत शिपायाचं नाव असतं, हुद्दा लिहीत नसत.

पुढे माझे वडील शाळेत इंग्रजी शिकले आणि एका सुट्टीत त्यांनी ती चौकट आजीला वाचून दाखवली. इतकी वर्षं ती ज्यावर हळदकुंकू वाहत होती, ते तिच्या मुलाचं नाव होतं. वडील सांगायचे, ती काही बोलली नाही, देवघरासमोर नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने कुंकू लावणं बंद केलं, फूल मात्र चालू ठेवलं. चकती आता माझ्याकडे आहे. नावाच्या खाचांतलं कुंकू अजून तसंच आहे. मी ते काढत नाही.

आता तुझे चौघे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. नाव माहीत नाही तर नावाने शोधू नकोस. पहिलं महायुद्ध निवड, हिंदी फौज निवड आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाक. पुष्कळ शिपायांच्या पुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंगवर मात्र विसंबू नकोस. गोऱ्या कारकुनाने जसं कानावर पडलं तसं लिहिलंय. गावाचं नाव पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघ, नाहीतर नुसतं खेड आणि रत्नागिरी टाक आणि यादी चाळ. इथे कोणी सिंधुदुर्गातलं वाचत असेल तर तुम्हीही रत्नागिरीच टाका, कारण १९८१ पर्यंत तो वेगळा जिल्हा नव्हता. सावंतवाडीचं तर तेव्हा संस्थान होतं.

नावापुढे बसरा मेमोरियल दिसलं तर थांब आणि नीट वाच. बसऱ्याच्या त्या स्मारकावर ज्यांना थडगं नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण ठेवली आहे. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर आली. हिंदी पलटणींच्या बाबतीत मात्र अंमलदारांची नावं आणि खाली 'आणखी इतके हिंदी शिपाई' असा आकडा. २०२१ मध्ये त्या कमिशनने आपल्याच अहवालात ही चूक कबूल करून माफी मागितली. तुझ्या चावडीच्या पाटीवर आकडा आहे आणि नाव नाही, तसंच बसऱ्याला. पण कमिशनच्या वहीत नावं होती. ती आता कोणालाही बघता येतात.

एक लक्षात ठेव. 'प्राण दिले' याचा अर्थ गोळी लागून मेले असाच होत नाही. मेसोपोटेमियात कॉलरा, ताप, उन्हाचा झटका यांनी फार माणसं नेली. आणि ३१ जण सगळे बंदूकवाले असतील असंही नाही. खेचरं हाकणारे, हमाल, भिस्ती, आचारी असेही हजारो गेले. महारांची भरती सरकारने आधी बंद करून टाकली होती, ती गरज पडली तशी १९१७ मध्ये पुन्हा सुरू करून १११ नंबरची पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. दापोली-मंडणगडाकडे तर पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेली महार घराणी होती. म्हणून सगळ्या वाड्यांत विचार, फक्त पाटलाच्या आळीत नको.

तुझ्या अठरा स्लाइडपैकी जगाच्या चार ठेव. सुरुवात पाटीपासून कर.

दाभोळखाडी

माईंचं वाचून मीही लिहितो. बेटा, तुझ्या पाटीवर फौजेत गेलेले आहेत, दर्यावर गेलेले नाहीत. आमच्या खाडीकाठच्या गावांतून माणसं आगबोटींवर खलाशी म्हणून जायची, माझे पणजोबा सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. ते लष्करात नव्हते, म्हणून कुठल्या चावडीवर त्यांची गणती नाही.

आणि लढाई फक्त इराकमध्ये झाली असं वर्गात सांगू नकोस, ती आपल्या दारात आली होती. व्होल्फ नावाची एक जर्मन बोट मालवाहू बोटीच्या सोंगात हिंदी महासागरात शिरली आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये तिने मुंबईच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले. २३ जून १९१७ ला पी. अँड ओ. कंपनीची मंगोलिया ही मोठी बोट त्यातल्या एका सुरुंगावर गेली आणि बुडाली. कुठे, तर मुंबईच्या दक्षिणेला सुमारे पन्नास मैलांवर, म्हणजे आपल्या रायगडच्या किनाऱ्यासमोर. २३ जून म्हणजे आर्द्रा लागलेलं. त्या दिवसांत आमच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, दर्यात कोणी पाय घालत नाही. त्या पाण्यात मंगोलियावरची माणसं होड्यांत उतरली. ती व्होल्फ मात्र एकाही बंदराला न लागता ४५१ दिवस दर्यावर राहून जर्मनीला परत पोचली.

त्या लढाईत समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात आहे. चौघांसाठी शोधशील तेव्हा एकदा 'मर्कंटाइल मरीन', म्हणजे व्यापारी बोटींवरचे खलाशी, निवडूनही गावाचं नाव टाकून बघ.

माणगावकर

ताई, माझं जरा वेगळं मत आहे. कुट म्हणजे शरणागती. वर्गातल्या मुलांसमोर उपासमार आणि कैद मांडण्यापेक्षा पराक्रम मांड. विषय बदलून दुसरं महायुद्ध घेता येत असेल तर आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. जवळूनच मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हा एकटा उठून सरळ मोर्च्यावर धावला. हातबाँब टाकून मशीनगन बंद केली, एकाला टॉमीगनने उडवलं, गोळ्या संपल्या आणि दुसरी मॅगझीन भरायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात तहसील कचेरीजवळ पुतळा आहे, आमच्या एसटीतून दिसतो. इटलीत मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. इथे नाव आहे, गाव आहे, पुतळा आहे. शोधायला काही उरत नाही.

माई_चिपळूण

माणगावकर, त्या पुतळ्यासमोर मी दर सहलीला मुलांना उतरवून उभं केलेलं आहे, त्यामुळे तुमच्या शब्दाला माझा विरोध नाही. पण घाडग्यांचं शौर्य लिहिलं गेलं. त्यांचा देह सापडला नाही तरी इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर नाव आहे. कुटमधल्या शिपायाने पाच महिने उपाशी राहून मोर्चा सोडला नाही, यालाही मी धैर्यच म्हणते. आणि या मुलीच्या दारात जी पाटी आहे ती पहिल्या लढाईची आहे. शोधायला काही उरत नाही म्हणालात ना, तिच्याकडे अजून सगळंच शोधायचं उरलंय. ती तेच करू दे.

नववी_ब (खेड तालुका)

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले. चार संध्याकाळी सड्यावर गेले, भावाला टॉर्च धरायला घेऊन.

आमच्या गावाचं नाव त्यांनी दोन अक्षरं जास्त घालून लिहिलंय, म्हणून पहिले तीन दिवस काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी मी नुसतं खेड टाकून यादी चाळली आणि दोघे सापडले. एक ११७ नंबरच्या मराठा पलटणीतले, १९१६ साली गेले, पुढे बसरा मेमोरियल. माई, तुम्ही म्हणालात तसंच. दुसरे लढणारे नव्हते, खेचरांच्या तुकडीत होते, तेही मेसोपोटेमियातच गेले. उरलेले दोघे अजून मिळाले नाहीत. दाभोळखाडी काका, मर्कंटाइल मरीनमध्येही बघितलं, आमच्या गावचं कोणी नाही, पण शेजारच्या खाडीकाठच्या गावातले दोघे आहेत. ती नावं मी वेगळी लिहून ठेवली आहेत.

पलटणीतल्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव आमच्या खालच्या वाडीतल्या एका घराशी जुळतंय. आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "त्या घरातला एक जण 'बसऱ्याला राहिला' असं माझी आई म्हणायची, मला वाटायचं बसरा म्हणजे मुंबईतली एखादी चाळ असेल." नाव मी इथे लिहीत नाही. रविवारी आजोबा आणि मी त्यांच्या घरी जाणार आहोत, त्यांना आधी कळायला पाहिजे. चकती आली होती का, तेही विचारीन.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या बारा नाही, वीस मिनिटं घे. माणगावकर काका, शेवटी घाडग्यांचा फोटो लावणार आहे आणि ही पुढची लढाई म्हणून सांगणार आहे.

अजून एक विचारायचंय. पाटीवर काही अक्षरांत चुना इतका घट्ट बसलाय की ब्रशने निघत नाही. आई म्हणते लिंबू नाहीतर चिंच लावून घास, तांब्याच्या भांड्यासारखी लखलखीत होईल. चालेल ना?

माई_चिपळूण

लिंबू नको, चिंच नको, व्हिनेगरही नको! संगमरवराला आंबट लागलं की तो खातो, अक्षरांच्या कडा जातील आणि मग काहीच उरणार नाही. सुती फडकं पाण्यात भिजवून पाटीवर तासभर लावून ठेव, चुना मऊ पडला की बांबूच्या काडीने हलकेच काढ. खिळा, सुरी लावू नकोस. तरी नाही निघाला तर राहू दे. पातळ कागद पाटीवर धरून वरून लाकडी कोळसा आडवा फिरव, अक्षरं कागदावर उठतील. तो कागद वर्गात मुलांच्या हातात दे.

आणि रविवारी त्या घरी जाशील तेव्हा नारळ घेऊन जा.